पान एकतीसवरचं विमान

क्लाइव्ह ओडलिंगच्या दुकानाचा एक नियम होता. चुकीचा रंग दुकानाबाहेर जाणार नाही. नियम कुठे लिहून लावलेला नव्हता, पण आमच्या हॉर्नकासलमध्ये विमानांची मॉडेलं करणाऱ्या प्रत्येकाला तो ठाऊक होता. तुम्ही एखाद्या लढाऊ विमानाचं खोकं उचललंत आणि सोबत राखाडी रंगाची डबी घेतलीत, की क्लाइव्ह विचारायचा, "कुठल्या तुकडीचं करताय? कुठल्या महिन्यातलं?" महिना सांगता आला नाही, तर तो डबी तुमच्या हातातून काढून घ्यायचा आणि परत मांडणीवर ठेवायचा. "ऑगस्टपर्यंत हा राखाडी नव्हताच," असं म्हणायचा आणि दुसरी डबी द्यायचा. लोक चिडायचे आणि पुढच्या महिन्यात परत यायचे. लिंकनहून यायचे, हलहून यायचे.

त्या डब्या अंगठ्याएवढ्या असत. झाकणावर रंगाचा ठिपका आणि नंबर. तिथे येणारी मुलं रंगांना नावानं ओळखत नसत. एका मुलीनं मला सांगितलं होतं की तिच्या आजीच्या घराचं दार साठ नंबरचं आहे आणि नव्या सोफ्याला आई एकोणतीस नंबरचं कापड लावणार आहे. मला लाल दार आणि मातकट सोफा दोन्ही लगेच डोळ्यांसमोर दिसले.

मी या गावातल्या प्राथमिक शाळेत सदतीस वर्षं शिकवलं. निवृत्त झाल्यावर क्लाइव्हनं दुकानाच्या माडीवर एक लांब टेबल टाकून दिलं आणि शनिवारी सकाळी मी तिथे मुलांना मॉडेल जोडायला शिकवू लागले. पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट सांगायची. डिंकाची बाटली उघडायची नाही. दोन तुकडे घ्या, एकमेकांना नुसते लावून बघा. बसतात का? फट राहते का? सगळं कोरडं जुळलं, की मग डिंक. मुलांना हे फार जड जातं. मोठ्यांना त्याहून जड जातं.

हे १९९३ सालातलं. ऑक्टोबरचा एक शनिवार होता. मुलं घरी गेली होती आणि मी खाली येऊन चहा घेत होते. तेवढ्यात मिस विनिफ्रेड बोरिल आत आल्या. त्यांच्यामागून त्यांचा भाचा ग्रॅहम. ग्रॅहम माझ्या वर्गात होता, तेव्हा आठ-नऊ वर्षांचा. आता पंचेचाळीसचा होता आणि ट्रॅक्टरचे सुटे भाग विकायचा. बोरिल घराण्याचे केस गाजरासारखे लाल. ग्रॅहमचे अजून तसेच होते, फक्त संख्येनं कमी.

"बाई, नमस्कार," तो मला म्हणाला. माझे विद्यार्थी टकले झाले तरी मला बाईच म्हणतात.

मिस बोरिल सरळ क्लाइव्हकडे गेल्या. त्या एकाहत्तर वर्षांच्या होत्या. बारीक, ताठ, हातात कातडी पिशवी. "टायगर मॉथ आहे का?" त्यांनी विचारलं. "एकावर एक दोन पंखांचं. शिकाऊ वैमानिकांचं."

"आहे," क्लाइव्ह म्हणाला आणि तळहाताएवढ्या विमानाचं खोकं काउंटरवर ठेवलं. "स्वतः करणार?"

"माझे हात थरथरतात. या करतील." त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मला हे तेव्हाच कळलं. "आणि पिवळा रंग द्या. भरपूर लागेल. सगळं विमान पिवळं होतं."

क्लाइव्हनं नेहमीचा प्रश्न विचारला. "कुठल्या महिन्यातलं?"

"मे. एकोणचाळीस," मिस बोरिल क्षणही न थांबता म्हणाल्या. "वीस तारीख. शनिवार."

क्लाइव्ह एकदम आदरानं उभा राहिला. तारीख आणि वार सांगणारं गिऱ्हाईक त्याला वर्षातून एखादंच मिळायचं.

मिस बोरिलनी पिशवीतून पाकीट काढलं, पाकिटातून फोटो. पत्त्याच्या पानाएवढा, काळा-पांढरा, कडा कातरलेल्या. त्या दिवशी हवाई दलाचे तळ लोकांना बघायला खुले होते आणि सगळा जिल्हा तिकडे लोटला होता. फोटोत एक तरुण विमानाला टेकून उभा होता, चामड्याची टोपी हातात धरून. तो एडविन, त्यांचा भाऊ. शेजारी पांढऱ्या झग्यातली सतरा वर्षांची मुलगी. मागचं विमान जवळजवळ काळं.

क्लाइव्हनं फोटो हातात घेतला मात्र, त्याचा चेहरा उजळला. "हा तर माझ्या पुस्तकात आहे," तो म्हणाला.

आमच्या जिल्ह्यातल्या तळांवरून उडालेल्या विमानांवर क्लाइव्हनं एक पुस्तिका केली होती. स्वतःच्या खर्चानं छापलेली, तारेनं बांधलेली, तिसरी आवृत्ती. काउंटरवर ती जाडजूड परदेशी संदर्भग्रंथांच्या शेजारी उभी असायची. त्यानं पान एकतीस काढलं. तोच फोटो, जुन्या वर्तमानपत्रातून घेतलेला, म्हणून जास्त मळका. खाली लिहिलं होतं: 'टायगर मॉथ, मे १९३९. युद्धाच्या तयारीचा गडद हिरवा व तपकिरी रंग, फार लवकरचं उदाहरण. वैमानिक व एक अनोळखी स्त्री.'

"अनोळखी," मिस बोरिल म्हणाल्या. "चोवीस वर्षं मी समोरच्या पोस्टात तिकिटं विकली. तुम्हालाही विकली."

क्लाइव्ह जरा लाजला. "ते दुरुस्त करतो. पण रंग मात्र पिवळा नव्हे, मिस बोरिल. पिवळा असता तर फोटोत फिका दिसला असता. बघा, किती गडद आहे. एकोणचाळीसच्या वसंतापासून काही विमानं हिरवी-तपकिरी करायला लागले होते."

"मी त्याला हात लावला होता."

"चोपन्न वर्षं झाली."

"हाताला झाली असतील. पिवळं होतं."

क्लाइव्ह उद्धट माणूस नव्हता. त्यानं मांडणीवरून एक मोठा ग्रंथ काढला, अठ्ठावीस पौंडांचा, आणि उघडून त्यांच्यासमोर धरला. त्यातही तेच लिहिलेलं होतं: या तळावरची काही शिकाऊ विमानं मे महिन्यातच गडद रंगात होती. "हे मी लिहिलेलं नाही," क्लाइव्ह म्हणाला. "हा माणूस लंडनला बसून लिहितो."

मी तो ग्रंथ जवळ ओढला आणि शेवटची पानं उलटली. वर्गात दोन मुलांची एकच चूक सारखी आली, की मी आधी ती कुठल्या बाकावर बसतात ते बघायची. टिपांमध्ये बारीक अक्षरात आधार दिला होता. आधार होता क्लाइव्हची पुस्तिका, पान एकतीस.

मी ते बोटानं दाखवलं. क्लाइव्हनं वाचलं आणि ग्रंथ मिटला. "तरीपण फोटो आहेच ना," तो म्हणाला.

"विनी आत्या," ग्रॅहम मऊ आवाजात म्हणाला, "परवा तू म्हणालीस की तुझा झगा निळा होता."

"होताच. आईनं मागच्या खोलीच्या पडद्याचा शिवला होता."

"फोटोत पांढरा आहे, आत्या."

"मला दिसतोय फोटो. डोळे शाबूत आहेत माझे."

"मग?"

"मग काय? निळा होता."

ग्रॅहम मला बाजूला घेऊन हळू आवाजात बोलू लागला. पण दुकान लहान होतं आणि आत्याचे कान चांगले होते. आत्यानं उन्हाळ्यात दोनदा गॅस चालू ठेवला होता. पुढच्या गुरुवारी नगरपालिकेच्या बाई घरी येणार होत्या, आत्याची स्मरणशक्ती बघायला. त्यांच्या शेऱ्यावर ठरणार होतं, आत्या त्या घरात एकटी राहू शकते की स्किग्नेसला, समुद्राकाठच्या वृद्धाश्रमात जाणार. "गॅसचं मी समजू शकतो," ग्रॅहम म्हणाला. "पण ही समोर फोटो धरून काळ्याला पिवळं म्हणते आणि पांढऱ्याला निळं. त्या बाईंसमोर असंच बोलली, तर मी काय सांगू?"

"तू काही सांगू नकोस," आत्या काउंटरवरून म्हणाल्या. "मी तिथेच असेन."

क्लाइव्हनं खोक्याशेजारी दोन डब्या ठेवल्या. गडद हिरवा आणि मातकट तपकिरी. मिस बोरिलनी खोक्याचे पैसे दिले, डब्यांचेही दिले आणि डब्या तिथेच सोडल्या.

"तुमच्याकडेच ठेवा," त्या म्हणाल्या. "तुमचं विमान रंगवायला लागतील."

मग फोटो माझ्या हातात देऊन निघून गेल्या. दारातून ग्रॅहमनं मागे वळून बघितलं. त्याला वाईट वाटत होतं, हे मी सांगितलं पाहिजे. तो लबाड नव्हता. शाळेतही नव्हता.

रविवारी मी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, खोकं उघडलं आणि प्लॅस्टिकच्या चौकटीतले तुकडे सुटे केले. डिंक लावला नाही. पंख धडाला नुसते धरून बघितले. मग फोटो दिव्याखाली घेतला आणि भिंग लावलं.

विमानांच्या फोटोंकडे बघायची या मंडळींची एक रीत आहे. ते आधी पंख बघतात, मग शेपूट, मग अक्षरं आणि नंबर, आणि धडावरची लाल-पांढरी-निळी गोल खूण. माणसाकडे बघतात ते फक्त मापासाठी. पाच फूट दहा इंचांचा माणूस शेजारी उभा असेल, तर चाक केवढं ते काढता येतं. क्लाइव्हनं हा फोटो वीस वर्षं बघितला होता. त्यात दोन माणसं आहेत म्हणजे दोन मोजपट्ट्या आहेत, एवढंच त्याला माहीत होतं. गोल खूण दिसली असती तर कदाचित त्याला काही सुचलं असतं. पण ती नेमकी मुलीच्या खांद्यामागे झाकली होती.

मला विमानातलं फारसं कळत नाही. मी मुलीचा झगा बघितला. गळ्याशी एक पट्टी होती, लेसची. मिस बोरिलचा झगा पांढरा असेल आणि लेसही पांढरी असेल, तर दोन्ही सारखी दिसायला हवी होती. लेस जास्त उजळ होती. झगा तिच्यापेक्षा किंचित दबलेला होता. म्हणजे अगदी पांढरा नव्हता. पण तेवढ्यानं काही सिद्ध होत नाही.

मग मी एडविनकडे बघितलं. टोपी हातात, वारा सुटलेला, केस कपाळावर आलेले. केस काळेभोर होते.

मी भिंग खाली ठेवलं आणि चहा करून घेतला. चहा घेताना मला वर्गातली जानेवारीची पहिली सकाळ आठवली. दर वर्षी नाताळ संपला की मी मुलांना सांगायची, चॉकलेटच्या डब्यातले रंगीत पारदर्शक कागद फेकू नका, शाळेत आणा. लाल, हिरवे, पिवळे, निळे. मग आम्ही ते डोळ्यांना लावून जग बघायचो.

कपाटाच्या खालच्या खणात बिस्किटांच्या डब्यात ते कागद अजून होते. मी तीन निळे कागद एकावर एक ठेवले आणि त्यांतून टेबलावरच्या फळांच्या टोपलीकडे बघितलं. केळी काळपट झाली. संत्री त्याहून काळी. आणि निळ्या काठाची बशी पांढरी होऊन गेली.

दुकान बुधवारी अर्धा दिवस असायचं. मी क्लाइव्हला सांगून ठेवलं आणि साडेबाराला मिस बोरिल आणि ग्रॅहम यांना बोलावलं. येताना मनुक्यांचा पाव आणि चीज घेऊन गेले, कारण उपाशी माणसाला काही पटवता येत नाही. मुलांनाही नाही.

"मॉडेल झालं?" मिस बोरिलनी विचारलं.

"जोडून झालंय. रंग राहिलाय."

"मग आम्ही कशाला आलो?"

"रंगासाठीच. ग्रॅहम, तुझे एडविन काका दिसायला कसे होते?"

"मी जन्मायच्या आधीच गेले ते, बाई. चाळीस साली. विमान पडलं."

"ते माहीत आहे मला. पण घरात काय म्हणायचे?"

"माझ्यासारखे होते म्हणायचे." ग्रॅहमनं डोक्यावरून हात फिरवला. "गावात त्यांना सगळे गाजर म्हणायचे. मलाही शाळेत तेच म्हणायचे. तुम्ही बंद केलंत ते."

"बंद कुठलं झालं? माझ्यामागे म्हणायचे." मी फोटो आणि भिंग त्याच्यापुढे सरकवलं. "काकांचे केस बघ."

ग्रॅहमनं बराच वेळ बघितलं. "काळे आहेत," तो म्हणाला. "सावली असेल."

"सावली कशाची? ऊन तोंडावर आहे. डोळे बारीक केलेत दोघांनी."

ग्रॅहमनं भिंग पुन्हा फोटोवर धरलं. काउंटरमागे क्लाइव्ह पाव कापत होता. त्याचा हात थांबला.

"गडद म्हणजे गडदच, असं फोटोवरून ठरवायचं असेल," मी म्हणाले, "तर तुझे काका गाजर नव्हते आणि सगळ्या गावाच्या लक्षात चुकीचं राहिलं."

"नाही, नाही, होते ते. आजीकडे त्यांच्या केसांची बट होती. मी बघितलीये."

"मग फोटोचं काहीतरी चुकतंय."

क्लाइव्हनं सुरी खाली ठेवली. "फिल्म," तो स्वतःशीच म्हणाला. "जुनी स्वस्त फिल्म." त्याला कळलं होतं. ही गोष्ट त्याला चांगली ठाऊक होती, दुसऱ्यांना त्यानं ती अनेकदा सांगितलीही होती. त्या काळच्या स्वस्त फिल्मला लाल रंग दिसायचाच नाही आणि पिवळा फार थोडा दिसायचा. दोन्ही काळे उमटायचे. निळा मात्र एवढा दिसायचा, की फिका पडायचा. "गोल खूण असती तर मला लगेच कळलं असतं," तो म्हणाला. "तिच्यातला लाल काळा दिसतो आणि निळा उडून जातो. ती आपण नेहमी ताडून बघतो. पण यात ती दिसतच नाही. या मधे उभ्या आहेत."

"मला सरकायला सांगायचं होतं," मिस बोरिल म्हणाल्या.

मी ग्रॅहमला तीन पदरी निळा कागद दिला. "डोळ्यांना लाव. हा त्या फिल्मसारखंच बघतो. आता क्लाइव्हच्या मांडणीकडे बघ. वरच्या ओळीत डावीकडे पिवळी डबी आहे."

"ती काळी आहे."

"कागद काढ."

त्यानं काढला. परत लावला. परत काढला. त्याचा चेहरा आठ वर्षांच्या मुलासारखा झाला होता. वर्गात हा चेहरा मी दर जानेवारीत तीस वेळा बघायची.

"आता खालची निळी बघ."

"पांढरी दिसते." त्यानं फोटोकडे वळून बघितलं. "म्हणजे झगा."

"आता भिंतीवरच्या आरशात बघ."

ग्रॅहमनं आरशात बघितलं. निळ्या कागदातून त्याचे लाल केस काळे झाले होते. समोरून एडविन बघत असावा, तसं त्याला वाटलं असेल किंवा नसेल. तो एवढंच म्हणाला, "असे केस असते तर लग्न लवकर झालं असतं."

"हा प्रयोग तू माझ्या वर्गात केला होतास," मी म्हणाले. "तुझा कागद फाटला म्हणून रडला होतास."

"मला अजिबात आठवत नाही, बाई."

मिस बोरिलनी चीजचा तुकडा पावावर ठेवला. "अरे अरे," त्या म्हणाल्या. "कधीपासून होतंय असं? गॅस वगैरे नाही ना राहत चालू?"

क्लाइव्ह हसला नाही. तो पान एकतीस उघडून उभा होता. मला त्याचं थोडं वाईट वाटलं. तिसरी आवृत्ती होती आणि लंडनच्या माणसानं तिच्यावरून लिहिलं होतं. माणसाला चूक कळली की पहिल्यांदा तो ती कुठे कुठे पोचली असेल ते मोजतो. मग त्यानं पुस्तिका मिटली आणि मिस बोरिलना म्हणाला, "तुम्ही दोन गोष्टी सांगितल्या. दोन्ही फोटोच्या उलट्या. एक असती तर चूक म्हणता आली असती. दोन एकमेकींशी जुळतात. विमान पिवळं असल्याशिवाय झगा निळा होत नाही आणि झगा निळा असल्याशिवाय विमान पिवळं होत नाही. त्या दिवशीच कळायला हवं होतं मला."

"तुम्ही झग्याकडे बघत नव्हता," मिस बोरिल म्हणाल्या. "तरुणपणी बघितलं असतंत तर बरं दिसलं नसतं. आता चाललं असतं."

गुरुवारी नगरपालिकेच्या बाई आल्या. मी तिथे नव्हते. मला ग्रॅहमनं सांगितलं. त्यांनी तारीख विचारली, पंतप्रधान कोण ते विचारलं, शंभरातून सात सात वजा करायला लावले. पोस्टात काम केलेल्या बाईला वजाबाकी सांगून त्या जरा फसल्या. मग त्यांची नजर टेबलावरच्या फोटोवर गेली आणि त्यांनी सहज विचारलं, हे कोण? आत्यांनी सांगितलं: भाऊ, पिवळं विमान, निळा झगा. बाईंनी फोटोकडे बघितलं आणि कागदावर काहीतरी लिहायला पेन टेकवलं. तेव्हा ग्रॅहमनं खिशातून तीन पदरी निळा कागद काढला. तो त्यानं बुधवारी माझ्याकडून मागून घेतला होता. त्यानं त्या बाईंना खिडकीशी नेलं आणि बाहेर लावलेली त्याची पिवळी व्हॅन दाखवली.

गॅस मात्र दोनदा चालू राहिला होता आणि त्याचा विमानाच्या रंगाशी काही संबंध नव्हता. बाईंनी तेही लिहिलं आणि ते बरोबरच होतं. ग्रॅहमनं पुढच्या आठवड्यात गॅस काढून विजेची शेगडी बसवली. मिस बोरिलना ती आवडली नाही. तिच्यावर अंडं नीट उकडत नाही, असं त्या अजूनही म्हणतात. पण ते त्या स्वतःच्या स्वयंपाकघरात उभ्या राहून म्हणतात.

रंगाचं काम शनिवारी झालं. क्लाइव्हनं शिकाऊ विमानांच्या पिवळ्याची ठरलेली डबी काढली, चोवीस नंबर. मी कागदावर एक पट्टा ओढला. मिस बोरिलनी तो दाराच्या उजेडात नेऊन बघितला.

"हा कस्टर्डसारखा आहे. तो अंड्याच्या बलकासारखा होता. बदकाच्या अंड्याच्या."

"सरकारी नमुना हाच आहे," क्लाइव्ह म्हणाला. "नंबर आहे त्याला."

"सरकारनं हात लावला होता का त्याला?"

क्लाइव्हनं नारिंगीची डबी उघडली, काडीच्या टोकानं दोन थेंब चोविसात टाकले आणि ढवळलं. पट्टा ओढला. अजून एक थेंब. पुन्हा पट्टा. वर टेबलाशी बसलेली मुलं जिन्यात येऊन बघत होती. त्या दुकानात क्लाइव्हनं नंबर मोडलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता.

"हा," मिस बोरिल म्हणाल्या.

क्लाइव्हनं डबीचं झाकण लावलं. झाकणावरचा नंबर पेन्सिलीनं खोडला आणि त्या जागी काही लिहिलं नाही. मग त्यानं पुस्तिकेच्या सगळ्या शिल्लक प्रती काउंटरवर आणल्या, एकशे बारा होत्या, आणि कागदाच्या पट्ट्यांचा गठ्ठा काढला. प्रत्येक प्रतीत पान एकतीसवर एक पट्टी चिकटवायची होती. मजकूर त्यानं आधीच लिहून ठेवला होता. तो त्यानं मिस बोरिलना वाचून दाखवला.

"'टायगर मॉथ, २० मे १९३९. संपूर्ण पिवळं. वैमानिक एडविन बोरिल आणि त्यांची बहीण विनिफ्रेड, निळ्या झग्यात.' ठीक आहे?"

"ठीक आहे."

"निळा म्हणजे कुठला निळा?"

मिस बोरिलनी त्याच्याकडे बघितलं. तो गमतीनं विचारत नव्हता. त्यानं निळ्या रंगांचा खण बाहेर ओढला आणि डब्या काउंटरवर एका ओळीत मांडल्या. सतरा होत्या. समुद्री, आकाशी, राखाडीकडे झुकणारा, फ्रेंचांचा, रात्रीचा. पोस्टाच्या घड्याळात बारा वाजले. क्लाइव्हची दुपारच्या जेवणाची वेळ झाली होती, पण त्यानं दाराची पाटी उलटली नाही. मिस बोरिलनी एकेक डबी उचलली, झाकणावरचा ठिपका उजेडात धरला, खाली ठेवली. सातवीशी थोडा वेळ थांबल्या. मग पुढे गेल्या. सतराव्या डबीपर्यंत गेल्या आणि परत पहिलीशी आल्या.

"यात नाही," त्या म्हणाल्या.

"मिसळून बघू?"

"नको. उन्हानं उडालेला होता. बारा वर्षं खिडकीला पडदा होता तो आमच्या."

क्लाइव्हनं मान डोलावली. त्यानं पट्टीवर 'निळ्या' हा शब्द तसाच ठेवला, त्याच्यापुढे बारीक अक्षरात 'उडालेल्या' लिहायचं की नाही याचा थोडा विचार केला आणि लिहिलं. मग पहिली पुस्तिका उघडून डिंकाची बाटली उघडली.

"आधी कोरडी लावून बघ," मी म्हणाले.